काही शंका?

मी पायदळातला माणूस, पण आजची गोष्ट समुद्रावरची आहे. वर्दी घातलेल्या प्रत्येकाने ऐकावी अशी.

तारीख 22 जून 1893. ठिकाण त्रिपोली, लिबियातलं नव्हे, आजच्या लेबनॉनमधलं. भरदुपार, किनारा जवळच. ब्रिटिशांच्या भूमध्य आरमाराच्या 11 वाफेच्या युद्धनौका दोन समांतर रांगांत चालल्या होत्या. एका रांगेच्या पुढे ‘व्हिक्टोरिया’, तिच्यावर सरसेनापती व्हाइस अ‍ॅडमिरल सर जॉर्ज ट्रायन. दुसरीच्या पुढे ‘कॅम्परडाउन’, तिच्यावर रिअर अ‍ॅडमिरल मार्कहॅम.

ट्रायनने ठरवलं की दोन्ही रांगांनी एकमेकींच्या दिशेने वळून मागे फिरायचं. आता हिशेब बघा. असं वळायला एका जहाजाला साधारण 800 यार्ड जागा लागायची, म्हणजे दोघांना 1600. आणि रांगांमधलं अंतर होतं 1200. शाळकरी पोरालाही जमेल अशी वजाबाकी! अंतर वाढवा, असं हाताखालच्या अधिकाऱ्याने सुचवलं. ट्रायन आधी हो म्हणाला, पण हुकूम निघाला तो 1200 चाच.

मार्कहॅमला हे खटकलं. हुकूम समजला नाही, हे कळवण्यासाठी त्याने उत्तराचं निशाण अर्ध्यावरच ठेवलं. लगेच सगळ्या ताफ्यादेखत सवाल आला, कशाची वाट बघताय? ट्रायन म्हणजे अशा कवायतींतला उस्ताद. साहेबांच्या मनात काही वेगळं असेल, असं समजून मार्कहॅमने निशाण पूर्ण चढवलं.

जहाजं वळली. शेवटच्या क्षणी इंजिनं उलटी फिरवली, पण उशीर झाला होता. ‘कॅम्परडाउन’ची पाण्याखालची पोलादी सोंड ‘व्हिक्टोरिया’च्या उजव्या कुशीत घुसली. उकाड्यामुळे आतली दारं, झरोके उघडे होते. सुमारे 13 मिनिटांत जहाज बुडालं. ट्रायनसह 358 जण गेले. वाचलेल्यांत तापाने आजारी असलेला जॉन जेलिको होता; पुढे 1916 मध्ये जटलंडच्या लढाईत ब्रिटिश आरमार त्याच्याच हाती होतं.

माल्टाला कोर्ट मार्शल झालं. दोष ट्रायनवर आला. मार्कहॅमने शंका बोलून दाखवली नाही याची कोर्टाने खंत नोंदवली. पण हुकूम पाळला म्हणून त्याला दोषी धरलं तर सेवेचाच घात होईल, असंही म्हटलं.

मंडळी, खरी मेख इथेच आहे. आपल्या आर्मी अ‍ॅक्टमध्ये शिक्षा आहे ती कायदेशीर हुकूम मोडल्याची. ट्रायनचा हुकूम बेकायदा नव्हता, नुसता चुकीचा होता. अशा हुकमाला नाही कसं म्हणायचं, हे कुठलं कलम शिकवत नाही.

मार्कहॅमला भित्रा म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. ब्रीफिंगच्या शेवटी “काही शंका?” असं विचारून, उत्तराची वाट न बघता नकाशा गुंडाळणारे साहेब मी पाहिलेत. खरं सांगायचं तर मीही तो नकाशा गुंडाळला आहे. माझं नशीब, की माझा हिशेब बरोबर होता.

तुमच्या हाताखाली चार माणसं असतील, तर उद्या एवढंच करा. शंका विचारा, आणि मग थोडं थांबा.

जय हिंद.