तिवई, तिपाई आणि टीपॉय

दिवाणखान्यात कोचाच्या कडेला किंवा दोन खुर्च्यांच्या मध्ये जे लहानसे मेज असते, त्याला आपण सर्रास ‘टीपॉय’ म्हणतो. हा शब्द इंग्रजी आहे आणि त्यातील ‘टी’ म्हणजे चहा, असा समज सुशिक्षित घरांतूनही रूढ आहे. पाहुणा आला की चहाचे पेले याच मेजावर येऊन टेकतात, तेव्हा हा समज स्वाभाविक म्हटला पाहिजे. परंतु तो खरा नाही. या शब्दाचा प्रवास हिंदुस्थानातून विलायतेत आणि तेथून पुन्हा आपल्या घरात असा झाला आहे. आणि तो ध्यानात घेतला, तर या लहानशा वस्तूची निवड करताना काय पाहावे, हेही आपोआप उमजते.

१८८६ साली हेन्री यूल व आर्थर बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश प्रसिद्ध झाला. यूल बंगालच्या लष्करी इंजिनिअरांपैकी, तर बर्नेल मद्रासेकडील मुलकी सेवेतले. म्हणजे दोघेही घरदार सोडून दूर नोकरी केलेले अधिकारी. त्यांनी या शब्दाचा चहाशी काही संबंध नाही, असे स्पष्ट सांगितले. ‘तीन’ हा हिंदुस्थानी शब्द आणि ‘पाय’ या अर्थाचा फारसी शब्द यांचा जोड होऊन ‘तिपाई’ झाली. शुद्ध फारसी रूप ‘सिपाया’ असे असावयास हवे होते. पण ते ‘सिपाही’च्या फार जवळ जाते. तेव्हा ‘चारपाई’च्या धर्तीवर ‘तिपाई’ हे रूप कोणा युरोपियानेच पाडले असावे, असा त्यांचा तर्क आहे. साहेबाने शिपायाला हाक मारावी आणि मेज यावे, ही अडचण टाळण्याचा हा उपाय मानला तर मौजेचाच आहे!

विलायतेत मात्र या तिपाईचे भलतेच रूपांतर झाले. अठराव्या शतकात तेथे चहा इतका महाग होता की, तो कुलपात ठेवीत. १७८४ च्या कायद्याने चहावरील जकात सुमारे ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आली. तरी कुलपाची चाल लगेच मोडली नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एका खांबावर उभी केलेली चहाची पेटी तिकडच्या दिवाणखान्यांत दिसू लागली. तिच्या आत चहाचे डबे आणि चहाच्या जाती मिसळण्यासाठी काचेचे वाडगे असत. या पेटीला ‘टीपॉय’ हे नाव सहज चिकटले, कारण ऐकणाऱ्याला त्यात चहाच ऐकू येत होता. अशा रीतीने तीन पायांचे एका पायावर आले. आज आपल्याकडे तोच शब्द चार पायांच्या मेजाला लागतो.

नाव परके वाटले तरी वस्तू आपल्याला परकी नाही. पाण्याच्या घागरीखालची घडवंची, शंखाखालची वा ताटाखालची अडणी, पूजेचा चौरंग आणि घरोघरची तिवई ही सारी एकाच कुळातली. यांतील तिवई तर तिपाईची सख्खी बहीण. तीन पायांची ही आवड केवळ रूढीची नव्हे. तीन टेके कशाही जमिनीवर एकाच वेळी टेकतात. म्हणून सारवलेल्या उंचसखल भुईवर तिवई डगमगत नाही, चौपाई मात्र डगमगते. मात्र तिवईचा एक दोषही आहे: तीन पायांनी झालेल्या त्रिकोणाबाहेर भार पडला की ती कलंडते. म्हणून अडणी ठेंगणी आणि पसरट पायांची घडवीत. उंच, निमुळत्या तीन पायांवर मोठी फळी बसवून जी मेजे आज विकली जातात, त्यांच्या घडणाऱ्यांनी शंखाची अडणी एकदा निरखून पाहावी.

आपली बैठक गादी-तक्क्यांची होती, तोवर चौरंगाची उंची वीतभर पुरे होती. माणूस खुर्चीवर चढला, तसे मेजही उंच झाले. या बदलाला इंग्रजी अंमल कारण झाला. आणि त्या अंमलाचे एक मोठे लक्षण म्हणजे बदली. पलटणीबरोबर तंबूतून तंबूत किंवा एका जिल्ह्यातून दुसऱ्यात हिंडणाऱ्या अधिकाऱ्याला मोडून बांधता येणारे सामान लागे. त्यासाठी फिरकीने सुटणाऱ्या पायांची मेजे व कोपऱ्यांना पितळी पट्ट्या ठोकलेल्या पेट्या तयार झाल्या. बनारसी मेज याच गरजेला उत्तम जुळले. घडीचा लाकडी सांगाडा आणि त्यावर नक्षीचे पितळी तबक. तबक उचलले की ते तबक, ठेवले की मेज. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही मेजे विलायतेतल्या दिवाणखान्यांतही जाऊन बसली.

ठिकठिकाणच्या कारागिरांनी या लहान मेजावर आपली मुद्रा उमटविली. विशाखापट्टणास इंग्रजांसाठी हस्तिदंत जडवून सामान घडवीत. होशियारपुरास शिसवात जडावाचे काम होई. मुंबईचे शिसवी सामान कोरीव कामाने इतके भरलेले असे की, पेला ठेवावयास सपाट जागा शोधावी लागे. काश्मिरात अक्रोडाच्या लाकडावर चिनाराची पाने उतरली. मैनपुरीचे तारकशीचे कारागीर शिसवी खडावांत पितळेची बारीक तार ठोकून बसवीत. तीच कला पुढे पेट्यांवर आणि तबकांवर आली. गुजरातेत संखेड्याला सागवानावर कथिलाच्या रंगाची चमकदार वेलबुट्टी लाखेखाली झळकते, तर आपल्या सावंतवाडीला गंजिफा रंगविणारे हात पाटांवर व चौरंगांवरही फिरतात.

स्वातंत्र्यानंतरचा एक दाखला तर सरकारी नोकरांनी विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. १९५१ पासून चंडीगड उभे राहू लागले, तेव्हा ल कॉर्ब्युझिए यांचे चुलत बंधू पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली कचेऱ्यांसाठी, विद्यापीठासाठी व घरांसाठी साधे, बळकट लाकडी सामान घडविण्यात आले. खुर्च्यांचे कंपासाच्या टोकांसारखे तिरके पाय आणि बुटकी चौकोनी मेजे, असे हे काम स्थानिक सुतारांचे होते. पुढे हे सामान जुने झाले, गच्च्यांवर ढीग पडले, आणि ‘निकामी’ असा शेरा मारून ते लिलावात गेले. परदेशच्या व्यापाऱ्यांनी ते उचलले, घासूनपुसून पॅरिसमध्ये आणि अन्यत्र प्रचंड किमतींना विकले. अखेरीस २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाला अशा वारसा-सामानाच्या विक्रीस मनाई करावी लागली. मेज तेच होते. बदलली ती पाहणाऱ्याची नजर. ‘निकामी’ या शेऱ्याखाली कोणा ना कोणा अधिकाऱ्याची सही असतेच. ती करण्यापूर्वी मेज उलटे करून त्याचे सांधे पाहावेत, एवढे आम्ही सुचवितो.

आता निवडीविषयी. हा इतिहास आपल्याला तीन गोष्टी शिकवितो. पहिली, मेजाची उंची बैठकीवरून ठरते, दुकानदाराच्या फॅशनवरून नव्हे. खुर्चीच्या हाताइतके किंवा बोटभर खाली असे मेज बसल्याबसल्या हाताला येते. त्याहून उंच असले तर पेला उचलताना खांदा उचलावा लागतो. दुसरी, बदलीच्या माणसाने सांधा पाहावा. दमट हवेत घडलेले सागवान दिल्लीच्या किंवा जयपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसते. चिकटविलेले सांधे उकलतात, जडावाची तार उचलते. कुसवात घट्ट बसविलेले आणि फळीला आकसण्या-फुगण्यास वाव ठेवलेले काम टिकते. तिसरी, सजावट थोडी असावी. अडणीवर एक शंख असतो, चौरंगावर एक मूर्ती; मेजावरही एक दिवा, एक पुस्तक आणि पेल्याला जागा, इतके पुरे. आठ वस्तू मांडल्या की मेज संपते आणि फडताळ सुरू होते.

सरकारी निवासातील कपाट, पलंग, खुर्च्या ही सारी खात्याची; त्यांच्या पाठीवर क्रमांक असतो आणि ती मागे राहतात. लहानसे मेज मात्र आपले असते आणि आपल्याबरोबर येते. पूर्वीचे साहेब बदली होऊन निघाले तेव्हा ज्या प्रांतात राहिले तेथली कारागिरी तिपाईच्या रूपाने घेऊन गेले. आपल्या मंडळींनी एका गावातून दुसऱ्या गावी जाताना कारखान्यातली दाबलेल्या भुशाची फळी न नेता तेथल्या सुताराच्या हातचे एक मेज न्यावे. निवृत्तीनंतर पुण्यास किंवा नागपुरास स्थिरावल्यावर घरात होशियारपूर, मैनपुरी, संखेडा शेजारी शेजारी उभे राहतील. नोकरीची कागदपत्रे कपाटात बंद असतात. कोठे राहिलो आणि तेथल्या माणसांचे हात कसे होते, याची नोंद मात्र ही तिवईच उघड्यावर ठेवील.