रानवेलीची मुळे : अमेरिकेच्या वाइन-इतिहासातील एक विसरलेला धडा

कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्यात १९८० च्या दशकाच्या प्रारंभी काही द्राक्षबागा अकारण खुरटू लागल्या. पाने अकाली पिवळी पडत, फळ विरळ येई आणि रोगट वेलींचा पट्टा कागदावर पसरणाऱ्या तेलाच्या डागासारखा दरवर्षी रुंदावत जाई. माती उकरून मुळे तपासली तेव्हा त्यांवर जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे पिवळसर कीटक आढळले. हा होता फायलोक्झेरा, माव्याचा दूरचा नातलग. हा शत्रू नवा नव्हता. शंभर वर्षांपूर्वी त्यानेच फ्रान्सच्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या होत्या आणि त्यावरील उपाय अमेरिकेच्याच रानवेलींनी पुरवला होता. मग ज्या देशातून उपाय गेला, त्याच देशात हे संकट पुन्हा का ओढवले?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना बरेच मागे जावे लागते. १६१९ साली व्हर्जिनिया वसाहतीच्या सभेने कायदा केला, की प्रत्येक कुटुंबप्रमुखाने दरवर्षी दहा द्राक्षवेली लावून जोपासाव्यात. इंग्लंडला स्वतःच्या वसाहतीतून वाइन हवी होती. वेली लावल्या गेल्या, परंतु त्या तग धरीनात. दीडशे वर्षांनंतर थॉमस जेफरसन यांनी माँटिचेलो येथे युरोपीय वेलींचे प्रयोग पुनःपुन्हा केले. तेही फसले. थंडीला, मातीला, मजुरांच्या अज्ञानाला दोष दिला गेला. खरे कारण कोणालाच ठाऊक नव्हते.

युरोपात वाइनसाठी लावली जाणारी द्राक्षवेल ही 'व्हायटिस व्हिनिफेरा' या एकाच जातीची. उत्तर अमेरिकेत मात्र द्राक्षकुळातील वीसहून अधिक रानटी जाती आहेत. त्या जाती आणि तेथील कीड-रोग यांचा सहवास हजारो वर्षांचा. भुरी, केवडा, काळी कुज आणि मुळांवरील फायलोक्झेरा या सर्वांना तोंड देण्याची क्षमता रानवेलींत कमी-अधिक प्रमाणात विकसित झाली होती. युरोपातून आलेल्या वेलीपाशी ही शिदोरी नव्हती.

म्हणून पूर्व अमेरिकेतील वाइन-उद्योग उभा राहिला तो देशी आणि संकरित वेलींवर. ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे निकोलस लाँगवर्थ यांनी 'कटॉबा' द्राक्षापासून फेसाळ वाइन बनवली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती नावाजली गेली. मॅसॅच्युसेट्समधील इफ्राइम बुल यांनी 'काँकर्ड' हे द्राक्ष निवडले. काँकर्डला जो उग्र, गोडसर गंध येतो, त्याला मिथाइल अँथ्रानिलेट हे संयुग कारणीभूत आहे. द्राक्षाच्या स्वादाच्या गोळ्यांत आजही तेच वापरले जाते. युरोपीय रसिकांना हा गंध रुचत नसे. त्यामुळे अमेरिकी वेल कणखर असली, तरी वाइनच्या दृष्टीने हलकीच मानली गेली.

पश्चिम किनाऱ्याची कथा वेगळी. १७६९ पासून स्पॅनिश धर्मप्रचारकांनी कॅलिफोर्नियात ठाणी उभारली आणि धार्मिक विधींसाठी 'मिशन' नावाचे युरोपीय वंशाचे द्राक्ष लावले. तेथील कोरड्या उन्हाळ्यात बुरशीजन्य रोग कमी होते आणि रॉकी पर्वतांच्या पलीकडे फायलोक्झेराही तोवर पोहोचला नव्हता. व्हिनिफेरा तेथे सुखाने वाढली. १८५७ साली हंगेरीहून आलेल्या आगोस्टन हाराझ्थी यांनी सोनोमा येथे 'ब्युएना व्हिस्टा' ही वाइनरी स्थापन केली आणि पुढे युरोपातून असंख्य जातींच्या काड्या आणल्या.

काड्यांची ही ये-जा दोन्ही दिशांनी चालली होती. अमेरिकी वेली हौसेने युरोपात नेल्या जात होत्या आणि त्यांच्या मुळांबरोबर फायलोक्झेराही गेला. १८६० च्या दशकात दक्षिण फ्रान्समधील बागा मरू लागल्या. मेलेल्या वेली उपटून पाहिल्या, तर मुळे कुजलेली दिसत, पण कीटक दिसत नसे. जुलै १८६८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यूल एमिल प्लांशाँ आणि त्यांचे दोन सहकारी यांनी मेलेल्या वेलीऐवजी शेजारची निरोगी भासणारी वेल उपटली. तिच्या मुळांवर कीटकांचे थर होते. मूळ मेले की कीटक ते सोडून जिवंत मुळाकडे सरकतो. पुरावा होता, परंतु तो चुकीच्या जागी शोधला जात होता.

मिसूरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली यांनी दाखवून दिले, की फ्रान्समधील मुळांवरचा कीटक आणि अमेरिकेत रानवेलींच्या पानांवर गाठी आणणारा कीटक एकच आहे. रायली डार्विनच्या विचारांचे पुरस्कर्ते होते. जी जात या किडीबरोबर दीर्घकाळ जगली, तिच्यातच प्रतिकारशक्ती सापडेल, हा तर्क त्यातूनच आला. १८७३ मध्ये प्लांशाँ स्वतः अमेरिकेत जाऊन आले. उपाय ठरला तो असा : खाली अमेरिकी वेलीचा खुंट आणि वर युरोपीय वेलीचे कलम. कीटक अमेरिकी मुळालाही दंश करतो, परंतु ते मूळ इजा झालेल्या भागाभोवती बुचासारख्या पेशींचा थर तयार करते आणि कूज आत शिरत नाही. फळाचा स्वभाव मात्र वरच्या कलमाचाच राहतो.

हा उपाय सर्वमान्य होईपर्यंत फ्रान्सचे वाइन-उत्पादन १८७५ मधील सुमारे ८.४ कोटी हेक्टोलिटरवरून १८८९ मध्ये सुमारे २.३ कोटींवर आले होते. कोन्याकसारख्या चुनखडीच्या प्रदेशात पहिले अमेरिकी खुंट टिकेनात. तेव्हा प्येर व्हियाला १८८७ मध्ये अमेरिकेत आले. टेक्ससमधील डेनिसन येथील द्राक्षतज्ज्ञ टी. व्ही. मन्सन यांनी त्यांना तेथील चुनखडीच्या टेकड्यांवर वाढणाऱ्या रानवेलींकडे वळवले. आज कोन्याक आणि डेनिसन ही भगिनी-नगरे आहेत.

दरम्यान, १८७३ मध्ये फायलोक्झेरा सोनोमा येथेही आढळला होता. कॅलिफोर्नियानेही खुंट-कलमाचा मार्ग धरला. पुढे १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात बहुतेक वाइनरी बंद पडल्या आणि अनुभवाची साखळी तुटली. ती पुन्हा जोडण्याचे काम विद्यापीठांनी केले. १९४४ साली मेनार्ड अमेरीन आणि अल्बर्ट विंकलर यांनी एप्रिल ते ऑक्टोबर या काळातील, दहा अंश सेल्सिअसच्या वरील उष्णतेची दैनंदिन बेरीज करून कॅलिफोर्नियाचे पाच हवामान-विभाग पाडले. कोणती द्राक्षे कोठे लावावीत, या प्रश्नाला मोजता येणारे उत्तर मिळाले. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी नावे झाकून चव घेतली, तेव्हा पांढऱ्या आणि लाल अशा दोन्ही गटांत नापाच्या वाइन पहिल्या आल्या.

परंतु या यशाखाली एक चूक दबलेली होती. त्या काळात शिफारस केला जाणारा सर्वांत लोकप्रिय खुंट होता 'एएक्सआर-१'. कलम सहज धरे, उत्पन्न भरघोस येई, निरनिराळ्या जमिनी त्याला मानवत. मात्र तो व्हिनिफेरा आणि अमेरिकी रानवेल यांचा संकर होता, म्हणजे त्याचे अर्धे रक्त फायलोक्झेराला बळी पडणाऱ्या जातीचे होते. युरोपात आणि दक्षिण आफ्रिकेत तो अपयशी ठरल्याची नोंद होती. कॅलिफोर्नियातील चाचण्यांत तो टिकला, म्हणून परदेशी अनुभव बाजूला ठेवला गेला. फायलोक्झेरा नराविनाही भराभर वाढू शकतो. असा एकच खुंट हजारो एकरांवर लावला, की त्यावर जगू शकणाऱ्या प्रकारासाठी पंगत मांडल्यासारखेच होते. १९८३ मध्ये असा प्रकार वेगळा ओळखला गेला. पुढील दशकभरात नापा आणि सोनोमा येथील बहुसंख्य बागा उपटून नव्याने लावाव्या लागल्या. त्यासाठी कोट्यवधी डॉलर खर्च झाले.

एएक्सआर-१ ची शिफारस करणारे शास्त्रज्ञ अडाणी नव्हते वा बेफिकीरही नव्हते. त्यांच्यापाशी स्वतःची विदा होती. त्यांनी मोजले ते बरोबर मोजले. मात्र काही दशकांच्या एका प्रदेशातील निरीक्षणाला त्यांनी कायमचा नियम मानले आणि इतरत्रच्या नकारात्मक निष्कर्षांना कमी वजन दिले.

ही कथा महाराष्ट्रालाही परकी नाही. नाशिक, सांगली, सोलापूर येथील द्राक्षबागायतदारांच्या तोंडी असलेला 'डॉगरीज' हा खुंट मूळचा टेक्ससच्या रानवेलींतून निवडलेला आहे. येथे तो फायलोक्झेरासाठी नव्हे, तर पाणीटंचाई आणि क्षारयुक्त जमीन-पाणी यांना तोंड देण्यासाठी आला आणि फार मोठ्या क्षेत्रावर पसरला. त्याने बागा तगवल्या, हे निर्विवाद आहे. तरीही एकाच खुंटावर विसंबताना नापाची नोंद डोळ्यांसमोर असावी. पर्यायी खुंटांच्या दीर्घ चाचण्या, रानजातींचे जतन आणि 'येथे हे जमले नाही' असे सांगणारे अहवाल जपून ठेवणे, ही कामे गाजावाजा होणारी नाहीत. १८६८ मध्ये उत्तर सापडले ते हिरव्यागार दिसणाऱ्या वेलीची मुळे तपासल्यामुळे. बागा जोमात असतानाच ती तपासणी करून ठेवावी लागते.