मॅट वॉर्निश : स्केल मॉडेलवरील लेप आणि पांढुरके सावट

रंगवून झालेल्या स्केल मॉडेलवर चकाकी घालवण्यासाठी आणि रंग व डिकॅल (चिकटवलेली छापील चिन्हे) जपण्यासाठी शेवटी जो पारदर्शक लेप देतात, त्याला मॅट वॉर्निश म्हणतात. वाळताना हा लेप कधी कधी पांढुरका, खडू फासल्यासारखा होतो. मॉडेल बनवणाऱ्यांना या दोषाची धास्ती असते, कारण तो उमटतो तेव्हा महिन्याभराचे काम संपलेले असते आणि खाली रंग, डिकॅल, मळकटपणाच्या छटा असे सगळे अडकलेले असते.

चकाकी नको असते ती प्रमाणामुळे. स्पिटफायर विमानाचा पंखविस्तार ११.२३ मीटर होता. १/७२ प्रमाणात तो जेमतेम १५.६ सेंटिमीटर उरतो. हातभर अंतरावरून असे मॉडेल पाहणे म्हणजे खरे विमान बऱ्याच लांबून पाहणे, आणि तेवढ्या लांबून खऱ्या रंगाची झळाळी विरलेली असते. तुकतुकीत मॉडेल त्यामुळे खेळण्यासारखे दिसते. हाच हिशेब लेपाच्या जाडीलाही लागू आहे. २० मायक्रॉनचा थर ७२ पटींनी मोठा केला तर जवळजवळ दीड मिलिमीटर होतो, म्हणजे खऱ्या विमानावर कुणी लापशी ओतावी तसा. जाड हाताने पत्र्यांचे सांधे बुजतात ते यामुळेच.

मॅट वॉर्निश म्हणजे मुळात चकाकणारेच वॉर्निश. त्यात बहुधा सिलिकाची अतिसूक्ष्म पूड मिसळलेली असते. लेप वाळून आक्रसला की हे कण पृष्ठभागावर बारीक खडबडीतपणा आणतात, प्रकाश एका दिशेने परतण्याऐवजी चौफेर विखुरतो आणि चकाकी जाते. सिलिकाचा अपवर्तनांक सुमारे १.४६ आणि ॲक्रिलिक रेझिनचा सुमारे १.४९. दोन्ही इतके जवळ आहेत की रेझिनमध्ये पूर्ण बुडालेला कण डोळ्याला दिसत नाही. मात्र कणाभोवती रेझिन कमी पडून हवेची पोकळी राहिली, की तोच कण पांढरा दिसू लागतो. म्हणजे मॅटपणा आणि सावट ही एकाच घराण्यातली भावंडे. प्रकाश विखुरण्याचे प्रमाण आणि जागा चुकली की एकाचे दुसरे होते. तामियाच्या एक्स-२१ फ्लॅट बेसचे उदाहरण बोलके आहे. ही बाटली चकाकणाऱ्या रंगात किंवा एक्स-२२ क्लिअरमध्ये थोडीशी मिसळण्यासाठी असते. वॉर्निश समजून ती तशीच फासली तर मॉडेल पिठात लोळल्यासारखे होते.

घरात बहुतेक वेळा दोष साक्याचा असतो. सिलिका तळाशी बसते. वरचा पातळ भाग वापरला की लेप मॅट होत नाही आणि बाटली संपत आली की उरलेल्या पुडीने पुढची दोन मॉडेल पांढरी होतात. बाटली नुसती हलवून भागत नाही, जळून गेलेल्या उदबत्तीच्या काडीने तळ खरवडून ढवळावे लागते. स्प्रेच्या डब्यातली गोळी आधी साक्यात रुतलेली असते. ती मोकळी होऊन खडखडू लागली की तिथून पुढे दोन मिनिटे मोजावीत.

दमट हवेतले सावट मात्र वेगळ्या जातीचे, आणि मुंबई-कोकणात तोच खरा शत्रू. लॅकर जातीच्या वॉर्निशमधला थिनर भराभर उडतो आणि उडताना पृष्ठभाग गार करतो. डब्यातला वायू प्रसरण पावून बाहेर पडताना त्यात भरच घालतो. हवा २८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २५ अंशांवर असतो. पृष्ठभाग तीनच अंश गार झाला की ओल्या लेपावर दव धरते, आणि ते पाणी लेपात अडकून तो दुधाळ होतो. त्याच तापमानाला आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू १७ अंशांच्या खाली जातो आणि धोका जवळजवळ उरत नाही. लाखेचे पॉलिश पावसाळ्यात पांढरे पडते हे फर्निचर पॉलिश करणाऱ्या कारागिरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मॉडेलवर तेच घडते, फक्त छोट्या आकारात. उपाय म्हणजे थांबणे. थांबवत नसेल तर लॅकरमध्ये सावकाश उडणारा थिनर, म्हणजे रिटार्डर घालावा किंवा पाण्यावर आधारित वॉर्निश वापरावे. त्यावर दव धरण्याचा प्रश्न सहसा येत नाही. ते दमट हवेत नुसते सावकाश वाळते.

स्प्रेचा डबा २० ते ३० सेंटिमीटरवर धरतात. त्याहून लांब धरला की थेंब वाटेतच वाळून भुरभुर बसते. जवळ धरला की लेप खाचाखोचांत साचतो आणि वाळल्यावर तिथे पांढऱ्या रेघा उरतात. ब्रशने लावतानाही हाच धोका असतो. सैनिकांच्या छोट्या आकृत्यांत पट्ट्याखाली आणि घड्यांमध्ये साचलेले वॉर्निश कोरड्या ब्रशने लगेच टिपून घ्यावे. एका दाट हातापेक्षा तीन विरळ हात बरे. गडद निळ्या-काळ्या रंगांवर सावट सर्वांत आधी दिसते, म्हणून काळा रंग दिलेल्या प्लास्टिकच्या चमच्यावर आधी फवारून पाहण्याची पद्धत आहे. तो चमचा तासाभराने पाहावा. लेप ओला असताना सावट सहसा कळत नाही.

डिकॅलभोवतीची चंदेरी झाक हा वेगळा दोष. तिथे डिकॅलच्या पातळ पडद्याखाली, खडबडीत मॅट रंगावर, हवा अडकलेली असते. ती वरून वॉर्निश मारून जात नाही. त्यासाठी डिकॅल चिकटवण्याआधीच खाली चकाकणारा लेप हवा. मॅटचा हात सर्वांत शेवटी.

सावट आलेच तर घाईने दुसरा मॅट हात मारू नये. वाळू द्यावे आणि कोरड्या दिवशी चकाकणाऱ्या वॉर्निशचा पातळ हात द्यावा. रेझिन पोकळ्यांत शिरते, हवा निघते आणि खालचा रंग बहुधा परत दिसू लागतो. मग नीट ढवळलेले मॅट पुन्हा द्यावे. लॅकरमधल्या दवावर रिटार्डरची विरळ फवारणीही चालते, पण फक्त खालचा रंग त्या थिनरला टिकणारा असेल तर. आकृत्या रंगवणारे काही जण ऑलिव्ह तेलाचा ब्रश फिरवून ते पुसून घेतात. ऐकायला हे आजीबाईचे औषध वाटते, पण कारण तेच आहे: तेल पोकळ्या भरते. दोष एवढाच की त्यावर पुढचा लेप नीट धरत नाही.

विमानाची पारदर्शक काचघरे मॅटच्या हाताआधी झाकतात किंवा नंतर चिकटवतात. काचघर आतून धुरकटले असेल तर वॉर्निशला बोल लावू नये. ते काम बहुधा सायनोॲक्रिलेट गोंदाच्या वाफेचे असते.