बर्फातल्या चहाचं श्रेय

गार चहा कोणी काढला म्हटलं की एकच गोष्ट सांगतात. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईसला जागतिक प्रदर्शन भरलं. भारतातल्या चहाचा प्रचार करायला गेलेल्या रिचर्ड ब्लेचिंडेन साहेबांचा गरम चहा उन्हाळ्यात कोणी घेईना, म्हणून त्यांनी त्यात बर्फ घातला! गोष्ट झकास, पण उशिराची. १८७९ मध्येच मॅरियन कॅबेल टायरी या बाईंनी व्हर्जिनियातल्या अडीचशे गृहिणींच्या पाककृतींचं पुस्तक काढलं होतं. त्यात कृती आहे: हिरवा चहा सकाळीच उकळत्या पाण्यात घालून ठेवायचा, दुपारी न ढवळता गाळायचा, संध्याकाळी पेल्यात बर्फ, दोन चमचे साखर, त्यावर चहा. लिंबू पिळलं की तुरटपणा कमी होतो, हेही लिहिलंय. आणि या गृहिणी तरी कोण? अशा अनेक घरांत चूल सांभाळायच्या त्या कृष्णवर्णीय बायका. पुस्तकात नाव मात्र मालकिणीचं.

आपल्याला करायचं तर याच कोऱ्या चहात संत्र्याचा रस नि डाळिंबाचे दाणे घाला. चहा आधी पूर्ण निवू द्या, नाहीतर बर्फ लगेच वितळून सगळं पाणचट होतं.