घाटकोपरच्या झोपडीतली विरहाची छक्कड

पेशवाईत नवरा मोहिमेवर गेला, की मागे राहिलेल्या बाईची तळमळ लावणीत यायची. रचणारे राम जोशी, होनाजी, प्रभाकर. गाणारा बहुधा लुगडं नेसलेला नाच्या पोऱ्या. ऐकणारे फडातले पुरुष. खुद्द बाया आपलं मन मोकळं करीत ते पहाटे, जात्यावरच्या ओव्यांत. संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगावच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत सासर-माहेर आहे, भाऊ आहे, लेक आहे.

पोटासाठी मुंबई गाठलेल्या गड्याचं मन मात्र क्वचितच कुणी गायलं. ते ठसक्यात गायले अण्णाभाऊ साठे.

१ ऑगस्ट १९२० रोजी सांगलीकडच्या वाटेगावात जन्मलेला हा मुलगा घरच्यांबरोबर चालत मुंबईला आला. मिळेल ती मजुरी केली, गिरणीत राबला. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्याला कम्युनिस्ट चळवळ भेटली. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत ‘लाल बावटा कलापथक’ उभं राहिलं. पुढं अण्णाभाऊंनी घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत वर्षानुवर्षं संसार केला. ‘फकिरा’ ही त्यांची कादंबरी १९५९ साली आली, ती ते या वस्तीत राहत असताना. वस्तीचं नाव तर ‘चिरागनगरची भुतं’ या कथासंग्रहाच्या मुखपृष्ठावरच चढलं.

‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड. छक्कड म्हणजे लावणीचीच चटकदार बहीण. पण इथं बोलतो तो पुरुष. उजाडायच्या आत शिदोरी बांधून तो निघतो. बायको त्याला घालवायला गावाबाहेर येते आणि तिचा चेहरा पडतो. तिला हसवायचं कसं? खिशात दमडी नसलेला हा गडी दागिने कबूल करत सुटतो: शिंदेशाही तोडे, कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, नथ. एकेका दागिन्यागणिक तिच्यावरचा जीव आणि स्वतःची गरिबी, दोन्ही उघडी पडत जातात. ती काही हसत नाही.

इथवरचं दुःख हजारो चाकरमान्यांचं होतं. खोलीत दाटीवाटीनं राहणाऱ्या, महिन्याकाठी मनिऑर्डर करणाऱ्या गड्यांना ते समजावून सांगावं लागत नव्हतं.

१९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. अण्णाभाऊंनी मैनेला त्या चळवळीत आणून उभं केलं. घरधनिणीची आणि आपली जशी ताटातूट, तशीच बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची महाराष्ट्रापासून. गाणं इथं वळण घेतं, पण चाल तीच राहते. भाषावार प्रांतरचनेचा रुक्ष वाद बायकोच्या आठवणीनं आधीच हळव्या झालेल्या माणसाच्या गळी सहज उतरतो. कलापथकातल्या शाहिरांना हे तंत्र नवं नव्हतं. तमाशाच्या सुरुवातीच्या गणात गणपतीच्या जागी मातृभूमीला, हुतात्म्यांना वंदन करायची रीत अण्णाभाऊंनी आधीच पाडली होती. साचा लोकांच्या ओळखीचा ठेवायचा, आशय आपला भरायचा.

ढोलकी-तुणतुण्यावरची ही छक्कड मोर्च्यात, मैदानात गाजली. पुढं शाहीर विठ्ठल उमपांच्या खड्या आवाजानं ती चळवळीनंतर जन्मलेल्या पिढीपर्यंत पोचवली. स्वतः अण्णाभाऊ १९६१ मध्ये रशिया पाहून आले, त्यावर प्रवासवर्णन लिहिलं; हलाखी मात्र सुटली नाही. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात ते गेले, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले, बेळगाव-कारवार त्या वेळच्या म्हैसूर राज्यात राहिले. या सीमाभागासाठी महाराष्ट्र सरकारनं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला.