कंटेनर चालू आहे, पण ठणठणीत आहे का? हेल्थ चेक म्हणजे काय, ते कसं काम करतं?

ॲप उघडल्यावर चकती नुसतीच फिरत राहते आणि मिनिटभराने सगळं आपोआप सुरळीत होतं, हा अनुभव तुम्हालाही आला असेल. अनेकदा अशा वेळी कोणत्याही इंजिनिअरने हात लावलेला नसतो. बिघडलेला भाग ओळखून तो पुन्हा सुरू करण्याचं काम एका स्वयंचलित यंत्रणेने केलेलं असतं. त्या यंत्रणेचा पाया म्हणजे 'हेल्थ चेक'.

कंटेनर म्हणजे काय?

सॉफ्टवेअर आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी, सेटिंग्ज एकत्र बांधून केलेलं गाठोडं म्हणजे कंटेनर. ते कोणत्याही सर्व्हरवर नेऊन चालवता येतं. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे ही पद्धत लोकप्रिय झाली. मोठ्या सेवेमागे असे शेकडो कंटेनर असतात. त्यांचा कारभार सांभाळण्यासाठी 'कुबरनेटीस' वापरलं जातं. गूगलने ते २०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे सुकाणू धरणारा.

'चालू' आणि 'निरोगी' यात फरक काय?

दुकानाचं शटर वर आहे, दिवे लागलेत, पण गल्ल्यावर कोणीच नाही. बाहेरून दुकान उघडंच दिसतं! सॉफ्टवेअरचंही असंच होतं. प्रोग्रामचे दोन भाग एकमेकांची वाट पाहत अडकून बसतात. याला 'डेडलॉक' म्हणतात. प्रोग्राम बंद पडलेला नसतो, पण उत्तरही देत नाही. म्हणून त्याला बाहेरून ठरावीक वेळाने "आहेस का?" असं विचारावं लागतं.

डॉकर काय करतं?

डॉकरमध्ये 'हेल्थचेक' ही सोय २०१६ मध्ये १.१२ या आवृत्तीत आली. वेगळं काही सांगितलं नसेल, तर दर ३० सेकंदांनी तपासणी होते. सलग ३ वेळा ती फसली, की कंटेनरवर 'अनहेल्दी' असा शिक्का बसतो. मात्र नुसतं डॉकर शिक्का मारून थांबतं, कंटेनर स्वतःहून पुन्हा सुरू करत नाही. तो बदलण्याचं काम डॉकर स्वॉर्मसारखी वरची यंत्रणा करते.

कुबरनेटीसचे तीन प्रश्न

कुबरनेटीस डॉकरचा हेल्थचेक विचारात घेत नाही. त्याच्या स्वतःच्या तीन तपासण्या आहेत. प्रत्येक सर्व्हरवरचा 'क्युबलेट' हा प्रोग्राम त्या करतो.

- स्टार्टअप: सुरू होऊन झालं का? याचं उत्तर 'हो' येईपर्यंत बाकीच्या दोन तपासण्या थांबतात.
- लाइव्हनेस: जिवंत आहेस का? उत्तर आलं नाही, तर कंटेनर बंद करून पुन्हा सुरू केला जातो.
- रेडिनेस: काम घ्यायला तयार आहेस का? 'नाही' असेल तर कंटेनर तसाच राहतो, फक्त त्याच्याकडे ग्राहक पाठवले जात नाहीत.

साधारणपणे दर १० सेकंदांनी विचारणा होते आणि १ सेकंदात उत्तर अपेक्षित असतं. सलग ३ वेळा अपयश आलं की कारवाई होते. हे आकडे गरजेनुसार बदलता येतात.

औषधच कधी आजार ठरतं?

समजा, लाइव्हनेसच्या तपासणीत "डेटाबेस उत्तर देतो का?" हेही विचारलं. एके दिवशी गर्दीमुळे डेटाबेस मंदावला. आता सगळेच कंटेनर एकदम 'मृत' ठरतात आणि एकदम पुन्हा सुरू होतात. सुरू होताना सगळे मिळून आधीच दमलेल्या डेटाबेसवर तुटून पडतात. सेवा फक्त हळू झाली होती, ती आता पूर्ण बंद पडते. म्हणून लाइव्हनेसमध्ये कंटेनरने फक्त स्वतःपुरतं उत्तर द्यावं. इतरांवर अवलंबून असलेले प्रश्न रेडिनेसमध्ये घ्यावेत, तेही विचार करून.

पुन्हा सुरू केलं की प्रश्न सुटला?

नाही. कंटेनर वारंवार पडू लागला, की कुबरनेटीस १०, २०, ४० सेकंद असा थांबण्याचा वेळ वाढवत जातं. साधारणपणे ही मर्यादा ५ मिनिटांची असते. या अवस्थेला 'क्रॅशलूपबॅकऑफ' म्हणतात. तिचा अर्थ एवढाच, की आता माणसाने लक्ष घालायला हवं.

मेमरी हळूहळू गिळणारा प्रोग्राम रोज पुन्हा सुरू होत राहिला, तर मूळ दोष झाकलेलाच राहतो. म्हणून प्रोमिथियससारखी साधनं मेमरी, प्रोसेसरचा वापर आणि किती वेळा पुन्हा सुरू झालं याचे आकडे सतत नोंदवतात आणि मर्यादा ओलांडली की इशारा देतात. हेल्थ चेक हा प्रथमोपचार आहे. रोगाचं निदान या नोंदी वाचूनच करावं लागतं.