भांडं कोणतं? तळेगावच्या काचेपासून मायक्रोवेव्हपर्यंत



पुण्या-मुंबईच्या लेकीने नवा मायक्रोवेव्ह घेतला की जुना गावाकडे येतो. सोबतचं माहितीपत्रक हरवलेलं असतं, नाहीतर इंग्रजीत असतं. मग आपण आपल्या सवयीने स्टीलच्या डब्यात भाजी घालतो, डबा आत ठेवतो आणि बटण दाबतो. आतून कडकड आवाज येतो, ठिणग्या उडतात. असं का होतं, हे कळायला थोडा इतिहास पाहू या.

सुरुवात आपल्या शिरगावच्या शेजारून, तळेगाव दाभाड्यापासून करू. अंताजी दामोदर काळे यांनी देशी उद्योगांसाठी माणशी एक पैसा गोळा करायची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठिंबा दिला. त्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावात काच कारखाना उभा राहिला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काच करायला शिकवत. पैशापैशाने उभा राहिलेला कारखाना आपल्या मावळात होता, हे लेकरांना जरूर सांगा.

पण साधी काच चुलीवर चालत नाही. गरम भांड्याला गार पाणी लागलं की ती तडकते. यावर उपाय सापडला, त्यात एका गृहिणीचाही हात होता. अमेरिकेतल्या बेसी लिटलटन यांचे पती काच कारखान्यात शास्त्रज्ञ होते. 1913 साली त्यांनी बॅटरीच्या काचेच्या बरणीचा कापलेला तळ घरी आणला. बेसीबाईंनी त्यात केक भाजला. काच तडकली नाही. त्यातून पुढे 1915 साली पायरेक्स नावाची भांडी बाजारात आली. ओव्हनमध्ये आज वापरतो ती जाड काचेची भांडी याच वळणाची.

आता ओव्हनकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमानं हेरायला रडार वापरत. त्यात लहरी निर्माण करणारी मॅग्नेट्रॉन नावाची नळी असे. 1945 साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर अशा नळीजवळ उभे असताना त्यांच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, असं सांगतात. मग त्यांनी मक्याचे दाणे ठेवून पाहिले, ते फुटून लाह्या झाल्या. 1947 साली आलेला पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि 300 किलोहून जड होता. घरातल्या ओट्यावर मावेल असा ओव्हन 1967 साली आला.

माझा आवाज तुमच्यापर्यंत आणणारी रेडिओची लहर आणि ही लहर एकाच कुळातल्या. आपल्या रेडिओची लहर दहा-अकरा फूट लांब, ओव्हनमधली साधारण 12 सेंटीमीटर, म्हणजे अर्धी वीत. ती अन्नातल्या पाण्याला हलवते, म्हणून अन्न तापतं. काचेतून ती आरपार जाते. धातूवरून मात्र ती परत फिरते. म्हणून तर ओव्हनच्या भिंती धातूच्या असतात आणि दारात बारीक भोकांची जाळी असते. अर्ध्या वितेची लहर त्या भोकांतून बाहेर येत नाही.

चुलीवर जे भांडं चांगलं, तेच इथे चुकीचं, ते यामुळे. स्टील, पितळ, तांबं, चांदीचा कागद, सोनेरी काठाची बशी आत ठेवू नका.

अंडं कवचासकट ठेवू नका, उकडलेलंही नाही. आत वाफ कोंडते आणि ते फुटतं, कधी हातात घेतल्यावर फुटतं. घट्ट झाकणाच्या डब्याचंही तेच, झाकण सैल करा. वर्तमानपत्रात गुंडाळलेली भाकरी ठेवू नका, कागद पेटतो. आइस्क्रीमचे पातळ डबे वितळतात. प्लॅस्टिकच्या भांड्यावर मायक्रोवेव्हची खूण असेल तरच ते वापरा. तळणाचं तेल त्यात तापवू नका.

नुसतं पाणी तापवलं तर ते न उकळता फार तापतं आणि हलवताच एकदम उसळून तोंडावर येतं. आधीच साखर किंवा चहा पावडर घाला आणि काढण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबा. बाळाचं दूध यात तापवूच नका. बाटली बाहेरून कोमट लागते, पण आत मध्येच कुठे दूध चटका बसेल इतकं गरम असतं. बाटली गरम पाण्यात धरा आणि दूध मनगटावर टाकून पाहा.

ओव्हन रिकामा चालवू नका. दार नीट लागत नसेल किंवा जाळी फाटली असेल तर तो वापरू नका. मागचं झाकण घरी कुणालाही उघडू देऊ नका, प्लग काढल्यावरही आतल्या भागात जिवावर बेतेल इतकी वीज साठून राहते. आत काही पेटलंच तर दार उघडू नका, बटण बंद करून प्लग काढा.

जुना ओव्हन घरी आला की लेकीला दोन प्रश्न विचारा. दार नीट लागतं का? आणि तू यात कोणती भांडी वापरायचीस? जमलं तर ती दोन काचेची भांडीही ओव्हनबरोबर मागून घ्या.